दोनच्या बसआधी

शेवटचा थांबा. इंजिन बंद.
बारा चाळीस ते दोन, एवढा वेळ माझा.
खिडक्यांच्या झडपा ओढून गाव झोपतो
आणि मऊ उजेडासाठी पहाटे उठणारे फोटोवाले
या घटकेला कॅमेरे मिटून जेवत असतात.
मला हेच ऊन हवं असतं :
टणक, डोक्यावरचं, कुणाची भीड न ठेवणारं.

पहिल्या वर्षी सगळं चुकलं.
काळी काच आधी लावायचो, मग चाचपडायचो
चर्च कुठं, चेस्टनट कुठं,
भिंतीला डोळा लावून बसावं तसा.
आता उघड्या लेन्सनं आधी चौकट ठरवतो,
ट्रायपॉडचे पाय दगडांत रुतवतो,
मग फिल्टर फिरवतो दोन बोटांनी,
पाळण्यातलं मूल उठू नये अशा बेतानं.

कॅमेऱ्याला गवत दाखवायचं,
सांगायचं, हे पांढरं समज.
तो मुकाट्यानं समजतो.
छिद्र आठवर. सोळावर नेलं
की चित्राच्या मधोमध फिकट डाग धरतो,
दुधावर सायीचा गोल येतो तसा.
(एक चांगली लेन्स त्यापायी विकली मी.)
मागच्या खिडकीवर रुमाल.

आणि थांबायचं.
कारखान्यानंच आत एक पहारेकरी बसवलाय,
तांबड्याच्या पलीकडचं सगळं दारातून परत लावणारा.
त्याची नजर चुकवून जे झिरपेल
तेवढंच माझं. म्हणून तीस सेकंद.
वारा असला तर पानांचा पिंजलेला कापूस होतो.
आज वारा नाही.

देओलिंदा बाई तासभर आधीच येतात बसला.
बुटाचा तळ शिवायचाय, मोगादोरूला.
झुल्मिरो गेल्यापासून एकतीस वर्षं काळ्यात.
"यात ताप दिसतो का रे, अबीलिओ?"
"नाही बाई, ताप नाही. उजेडच,
फक्त आपल्याला न दिसणारा."
"मग मी बसू इथं?"
"बसा. तीस सेकंद हलू नका."
"श्वास?"
"हळू घ्या."

मधेच एक कुत्रा समोरून गेला.
चित्रानं त्याची दखलच घेतली नाही.

पडद्यावर आकाश शाईसारखं उतरलं,
जूनमधला चेस्टनट बर्फानं लगडला,
बाईंचा चेहरा मेणाचा, डोळे दोन आड,
आणि अंगावरचा झगा
पांढरा.
अगदी पांढरा नव्हे, राख दुधात कालवावी तसा.
त्यावर पाच बटणं तेवढी काळी.

त्यांनी चष्मा लावला. काढला. पुसून पुन्हा लावला.
मी सांगू लागलो की रंग आपल्या डोळ्यांपुरता असतो,
पलीकडच्या उजेडाला तो लागतच नाही,
त्याला नुसतं कापड...
"ब्रागान्सातला तो कापडवाला!" बाई म्हणाल्या.
"पक्का रंग म्हणून जास्तीचे पैसे घेतले होते मेल्यानं."
बोट जिभेवर ओलं करून
त्यांनी बाही घासली, बोट उन्हात धरून पाहिलं.
स्वच्छ.
"बटणं मात्र आईची," त्या म्हणाल्या.

मग बराच वेळ काही नाही.
मग, "झुल्मिरोला पांढरं आवडायचं नाही.
दवाखाना वाटतो म्हणायचा."
मग, "कागदावर काढून दे एक.
फाउस्तिनाला दाखवू नकोस, गावभर करेल."

दोनला निघालो, एक मिनिटही इकडेतिकडे नाही.
वळणावर आरशात पाहिलं :
तिसऱ्या बाकावर बाई, नखशिखांत काळ्या,
अंगठ्यानं बाही चोळतायत.

सावल्यांत अजून दाणे येतात.
पुढच्या मंगळवारी चाळीस सेकंद देऊन पाहीन.